हजर होते असे मानण्यात यावे

कोविडच्या टाळेबंदीला महिना उलटला तेव्हा, २९ एप्रिल २०२० रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातल्या विद्यापीठांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परीक्षा कशा घ्याव्यात, सत्र केव्हा सुरू करावे वगैरे नेहमीचा मजकूर त्यांत होताच. पण दोन कलमे साहित्यिक गुणवत्तेची होती. एक, टाळेबंदीच्या काळात सर्व विद्यार्थी आणि संशोधक हजर होते असे मानण्यात यावे. दोन, पीएच.डी. करणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदतवाढ द्यावी. जो हजर होता त्याला मुदतवाढ कशाला आणि ज्याला मुदतवाढ लागते तो हजर कुठे होता, असा प्रश्न एखाद्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला पडला असता. पण तेही त्या वेळी हजर आहेत असे मानलेलेच होते. सूचना दयाळू होती यात शंका नाही. तिच्यामुळे हजारो शोधप्रबंध बुडता बुडता वाचले. फक्त हजेरीच्या या हिशेबात एक बाजू राहून गेली. संशोधकाची हजेरी लागली. ज्याच्यावर संशोधन चालू होते ते हजर आहे का, हे कोणी पाहिले नाही. ते सगळे हजर होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात मोहफुले मार्चअखेरीस नेमाने गळत होती, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणीला आला, बाळे आपल्या तारखेला जन्मत होती, आणि पाऊस सुरू झाल्यावर मलेरियाचा डास एकही दिवस रजा न टाकता कामावर रुजू झाला. गैरहजर होता तो फक्त हे सगळे टिपून घेणारा. म्हणून महासाथीत विद्यापीठाने संशोधन कसे टिकवावे या विषयावर जी चर्चासत्रे झाली आणि अजून होतात, त्यांना एटापल्लीच्या बाजूने एक साधे उत्तर देता येते: टिपणारा माणूस आधीपासून तिथेच राहत असेल तर संशोधन टिकते, नसेल तर संशोधनाची नोंदणी तेवढी टिकते.

एटापल्ली हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण टाळेबंदीतला विनोद तिथे जितका स्वच्छ दिसतो तितका मुंबई-पुण्यात दिसत नाही. मुंबईत रोग होता, म्हणून दारे बंद झाली. हे समजण्यासारखे आहे. ३० एप्रिल २०२० रोजी केंद्राने संसर्गाच्या धोक्यानुसार जिल्ह्यांना रंग वाटले तेव्हा महाराष्ट्रात सहाच जिल्हे हिरवे निघाले आणि त्यांत गडचिरोली होता. मे महिन्याच्या मध्यापर्यंत जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता. म्हणजे मार्च ते मे या काळात देशात संशोधनाला सुरक्षित अशा ज्या थोड्या जागा उरल्या होत्या त्यांत एटापल्लीचे जंगल वरच्या क्रमांकात बसले असते, आणि तिथलेही संशोधन धारावीइतक्याच कडेकोटपणे बंद होते. अर्थात बाहेरच्या माणसाने तिकडे जाऊ नये हे अगदी बरोबर होते. रोग गावात नव्हता, तो जाणाऱ्याच्या खिशातूनच आला असता. देशभर कितीतरी खेड्यांनी वेशीवर लाकडे आडवी टाकून हे शास्त्र कुठल्याही मार्गदर्शक सूचनेची वाट न पाहता अमलात आणले. बाहेरच्याने जायचे नाही आणि आतल्याला कोणी विचारायचे नाही, या दोन नियमांच्या मध्ये जी जागा उरते तिला शासकीय कागदांत ‘क्षेत्रकार्य तात्पुरते स्थगित’ असे म्हणतात.

स्थगितीच्या काळात विद्यापीठे स्वस्थ बसली होती असे म्हणणे मात्र घोर अन्याय ठरेल. एवढी धावपळ त्यांनी आधी कधीच केली नसेल. वेबिनार झाले; राष्ट्रीय झाले, आणि नेपाळचा एक वक्ता मिळाला की आंतरराष्ट्रीय झाले. ‘कोविड-१९ चा अमुक गोष्टीवर झालेला परिणाम’ या साच्यात अमुकच्या जागी शेती, शिक्षण, संत-साहित्य, ग्रंथालये, खो-खो असे काहीही बसत होते. उपस्थितांना ई-प्रमाणपत्र मिळे, आणि ते मिळवायला शेवटी अभिप्रायाचा गुगल फॉर्म भरणे पुरेसे असल्याने पुष्कळ जण थेट शेवटालाच उपस्थित राहत. मग या फॉर्मची गोडी लागली. क्षेत्रकार्य बंद असले तरी मोबाइल चालू आहे, हा शोध लागताच प्रश्नावल्या व्हॉट्सॲपवर सुटल्या. प्राध्यापकाने विद्यार्थ्याला पाठवली, विद्यार्थ्याने मामेभावाला, मामेभावाने ‘कृपया दोन मिनिटे काढा’ असे लिहून सोसायटीच्या गटावर. आणि आठवडाभरात दोन-तीनशे उत्तरे गोळा झाली. आदिवासींच्या आरोग्यावर टाळेबंदीचा काय परिणाम झाला, याचे उत्तर स्मार्टफोन, नेटपॅक आणि मराठी टंकलेखन हाताशी असलेल्या माणसांनी आपापल्या सोफ्यावरून प्रामाणिकपणे दिले. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात याला सोयीस्कर नमुना म्हणतात. सोय कोणाची, हे पुस्तकात नसते. एटापल्लीतल्या एखाद्या टोल्यावरून, म्हणजे आतल्या वस्तीवरून, अशा फॉर्मला उत्तर यायचे तर आधी रेंज येणाऱ्या टेकाडापर्यंत चालत जायचे, मग टॉवर चालू आहे अशी प्रार्थना करायची, आणि मग ‘आपल्या कुटुंबाचे वार्षिक पॅकेज’ या प्रश्नाशी थांबून विचार करायचा. उत्तरे न आल्यामुळे तिथे काही समस्या नाहीत, असा निष्कर्ष कोणी काढला नाही, एवढी सभ्यता आपल्या संशोधनात शिल्लक आहे.

पण खरा मुद्दा असा की, हे २०२० साली नव्याने घडले अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. एटापल्ली, भामरागड या भागाला टाळेबंदी दरवर्षी असते. तिचे नाव पावसाळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, बांडियासारख्या नद्या आणि नावही नसलेले नाले आतल्या गावांचे रस्ते दिवसचे दिवस अडवून धरतात, आणि ‘जिल्ह्याशी संपर्क तुटला’ ही बातमी दर वर्षी नव्या आश्चर्याने छापली जाते. नेमका याच महिन्यांत इथे मलेरिया जोरात असतो. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत मोठा वाटा वर्षानुवर्षे गडचिरोलीचा राहिला आहे. आणि संशोधक केव्हा येतो? दिवाळी झाल्यावर. नद्या उतरलेल्या, हवा गार, विश्रामगृह मोकळे, डास मंद. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने १९८३ साली ग्रामीण विकासावरच्या आपल्या पुस्तकात हे दुखणे जगभरचे असल्याचे दाखवले: अभ्यासक डांबरी रस्त्याच्या कडेची गावे पाहतो आणि कोरड्या ऋतूत पाहतो. गरिबी, भूक आणि आजार मात्र रस्त्यापासून आत आणि पावसात भेटतात. आपल्याकडे यात आणखी एक पायरी आहे. संशोधक तालुक्याला उतरतो, त्याला तिथली माडिया भाषा येत नाही, म्हणून तो ओळखीच्या शिक्षकाला सोबत घेतो. शिक्षक त्याला मोटारसायकल जाईल तिथपर्यंत नेतो. तिथे जो घरी सापडेल तो ‘प्रतिसादक’ होतो. पुढचे गाव ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ वगळले जाते, आणि हे कारण इतके भक्कम आहे की ते खरे असते तेव्हाही कोणी तपासत नाही. तेव्हा महासाथीने एटापल्लीतले संशोधन थांबवले असे म्हणण्यापेक्षा, वर्षातले निम्मे दिवस जे आपोआप थांबतच होते त्याला महासाथीने परिपत्रक मिळवून दिले, असे म्हणणे जास्त शास्त्रीय ठरेल.

आता दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहू. १५ सप्टेंबर २०२० पासून ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम चालवली. घरोघरी जाऊन प्रत्येकाचा ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, मधुमेह-रक्तदाब विचारायचा, नोंद करायची. आणि एकदा करून झाले की दुसऱ्या फेरीत पुन्हा करायचे. राज्यातल्या घराघरांत. याला संशोधनाच्या भाषेत दोन फेऱ्यांचे सर्वंकष कुटुंब सर्वेक्षण म्हणतात, आणि एवढ्या आकाराचे क्षेत्रकार्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाने सुकाळातही केलेले नाही. ते कोणी केले? मुख्यत्वे आशाताईंनी आणि त्यांच्यासोबतच्या स्वयंसेवकांनी. ज्या महिन्यात घरोघर जाणे अशक्य असल्याचे सकारण अर्ज मुदतवाढीसाठी दाखल होत होते, त्याच महिन्यात राज्यभर बायका वही, थर्मामीटर आणि एक मास्क घेऊन घरोघर जात होत्या. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. गावाबाहेरच्याला जाणे अशक्यच होते. गावातल्याला ते रोजचे होते. त्या मोहिमेच्या नोंदी शोधनिबंधाच्या तोडीच्या होत्या असा माझा दावा नाही; घाईत भरलेला तक्ता कसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या नोंदी चांगल्या करून घेता आल्या असत्या आणि तेच तर विद्यापीठाचे काम होते.

हे नुसते स्वप्नरंजन नाही, कारण गडचिरोली जिल्ह्यातच ते करून दाखवलेले आहे, आणि तेही महासाथीच्या पाव शतक आधी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन, श्वासांची गती, ताप, दूध ओढते की नाही, हे त्यांनी बाळाच्या घरी जाऊन टिपले आणि गरज पडली तिथे उपचारही केले. त्यांच्या नोंदी वेगळ्या व्यवस्थेने पडताळल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली छापून आला, आणि २०११ पासून केंद्राने हे काम देशभरच्या आशांच्या कामात घातले. म्हणजे २०२० साली एटापल्लीत जी आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी पोचत होती, तिच्या कामाची पद्धत याच जिल्ह्यातल्या संशोधनातून निघालेली होती. जिल्ह्याच्या प्रबंधकारांनी मात्र ‘जिल्ह्यात संशोधनास पोषक वातावरणाचा अभाव’ हे वाक्य प्रस्तावनेतून अजून काढलेले नाही. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाने मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या बरोबरीने अभ्यासगट चालवले; गावाने स्वतःच्या जंगलाचा, हक्कांचा आणि कायद्याचा अभ्यास स्वतः केला, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. या अभ्यासगटाला कुलसचिव नव्हता. तरी तो चालला, ही गोष्ट काही जणांना अजून पटत नाही.

इथे पहिला आक्षेप न्यूटनचा येतो. तो २०२० साली प्रत्येक उद्घाटनपर भाषणात आला, म्हणून इथेही यायलाच हवा. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद झाले, न्यूटन वूल्सथॉर्पच्या घरी गेला, आणि घरबसल्या गणितात आणि प्रकाशशास्त्रात त्याने जे केले ते जगाने पाहिले. मग आमचा संशोधक घरी बसला तर बिघडले कुठे? उदाहरण सुंदर आहे, फक्त त्यातल्या सामग्रीची यादी पाहावी. न्यूटनला लागला तो कागद, एक काचेचा लोलक आणि खिडकीच्या झडपेला पाडलेले भोक. आईची शेती होती, त्यामुळे जेवणाची चिंता नव्हती. त्याला कोणी एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण विचारत नव्हते, सहामाही प्रगती अहवाल नव्हता, आणि दुपारी साडेतीनला ‘न्यूटनच्या दृष्टीतून कोविडोत्तर भारत’ या वेबिनारला कॅमेरा चालू ठेवून बसायचे नव्हते. शिवाय सूर्यप्रकाश त्याच्या खोलीत आपण होऊन येत होता. मलेरियाचा अभ्यास करणाऱ्याच्या बाबतीत असा आपण होऊन येणारा विषय म्हणजे एक डास, आणि तो नागपूरच्या फ्लॅटमधला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळे संशोधन काही घरोघरी फिरण्याचे नसते. प्रयोगशाळा गावात नेता येत नाहीत, आणि महासाथीला शेवटी उत्तर दिले ते प्रयोगशाळांनीच. हे पूर्णपणे मान्य. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जानेवारी २०२० मध्ये देशातला पहिला रुग्ण निश्चित केला आणि पुढे विषाणू वेगळा काढला, तो वेबिनारमधून नव्हे. पण ती संस्था त्या जानेवारीत उभी राहिली नव्हती. तिची सुरुवात १९५२ सालची आहे. साथ आली तेव्हा माणसे, उपकरणे आणि सवय जागेवर होती, एवढेच तिचे रहस्य. याहून जुने उदाहरण मुंबईचे. १८९६ च्या ऑक्टोबरात वॉल्डेमार हाफकिन प्लेगग्रस्त मुंबईत आले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाले ते एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचली. शहर सोडून लोक पळत होते त्या काळात हाफकिन रोगाच्या जागी येऊन बसले होते. आज एखाद्या विभागाने एक कारकून आणि तीन शिपाई मागितले तर चारही पदे रिक्त असून भरतीवर बंदी असल्याचे कळवले जाईल, आणि हाफकिनना तासिका तत्त्वावर नेमले जाईल. टाळेबंदीतही प्रयोगशाळेतली जनावरे जगली, पेशींचे नमुने गोठलेले राहिले, ते रोज येऊन चारा-पाणी आणि द्रव नायट्रोजन पाहणाऱ्या परिचरांमुळे. प्रयोगशाळेचा न्याय आणि टोल्याचा न्याय वेगळा नाही: जो जागेवर आहे त्याच्यावर काम तगते.

तिसरा आक्षेप पद्धतिशास्त्राचा. गावातलाच माणूस गावाची माहिती गोळा करणार म्हणजे पूर्वग्रह आला, भाऊबंदकी आली, शेजारणीचे आजार झाकले जाणार किंवा उघडे पडणार. यात तथ्य आहे. म्हणूनच पडताळणी हवी, आणि ‘सर्च’ने ती केली होती. पण परक्याला कोणी खरे सांगते, असे ज्याला वाटते त्याने १८९७ चे पुणे आठवावे. घरोघरची तपासणी तेव्हाही झाली, रोगी शोधण्याचा हेतूही चांगलाच होता. फक्त दारावर गोरे सोल्जर आले. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, प्रेते लपवली, आणि २२ जूनच्या रात्री प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जगाच्या इतिहासात नमुना-सर्वेक्षणाला याहून कडक असहकार मिळालेला नसावा. २०२० साली आशाताईंनाही काही ठिकाणी शिव्या आणि धक्काबुक्की सोसावी लागली, हे खरे. तरी बहुतेक दारे उघडली, कारण दार वाजवणारीला घरातली म्हातारी नावाने ओळखत होती. पूर्वग्रह दोन्हीकडे आहेत. एकाची दुरुस्ती आकडेशास्त्राने होते, दुसऱ्यात दुरुस्त करायला आकडाच मिळत नाही.

राहता राहिले विद्यापीठ. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये निघाले, त्यात नागपूर फार दूर पडते हा विचार होता. एटापल्लीला महाविद्यालय आहे, आतल्या टोल्यांची मुले-मुली तिथे शिकतात. मार्च २०२० मध्ये वसतिगृहे रिकामी झाली आणि ही मुले घरी गेली. देशातल्या सगळ्याच ग्रामीण विद्यापीठांत हे घडले, आणि त्याचा अर्थ शांतपणे लावला तर थक्क व्हायला होते. एक पैसा प्रवासखर्च न करता, एका आठवड्यात, उच्च शिक्षण व्यवस्थेने आपली लिहिता-वाचता येणारी, तिथली भाषा बोलणारी माणसे जवळपास प्रत्येक गावात नेमून ठेवली होती. मोहफुलाला काय भाव मिळाला, कोण तेलंगणातून चालत परत आले, कोणाच्या घरी ताप होता, पुजाऱ्याकडे किती गेले आणि दवाखान्यात किती, लसीबद्दल लोक काय बोलत होते, हे त्यांना रोज दिसत होते. कुठल्याही मानववंशशास्त्रज्ञाने यासाठी दहा वर्षे वाट पाहिली असती. आपण या मुलांना काय सांगितले? रेंज येणाऱ्या टेकाडावर जाऊन ‘ग्रामीण समाजाची वैशिष्ट्ये’ या विषयावरचे ऑनलाइन व्याख्यान ऐका. ती गेलीही. वैशिष्ट्यांवर पाय टाकीत टेकाडावर चढली, आणि व्याख्यान बफर होत असताना खालचे गाव पाहत बसली.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो माझ्याच म्हणण्यावर आहे. गावातल्या माणसाकडून संशोधन करून घ्या, असे म्हणणे म्हणजे स्वस्तात करून घ्या, असेही होऊ शकते. आशाताईंनी जून २०२१ मध्ये संप केला तो याचसाठी. कोविडचे काम अंगावर आले होते, मोबदला मात्र त्या मानाने तुटपुंजा होता. संपानंतर राज्याने मानधनात दरमहा एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल केला. प्रबंधात तर त्यांना तेवढेही मिळत नाही. तिथे ऋणनिर्देशात मार्गदर्शक, मार्गदर्शकांच्या सौभाग्यवती, टंकलेखक आणि सासरे यांची नावे येतात, आणि माहिती देणारे-घेणारे ‘ज्ञात-अज्ञात सर्व’ या शब्दांत एकत्र उभे केले जातात. तेव्हा टोल्यावर नोंद ठेवणाऱ्या मुलीला दरमहा ठरावीक विद्यावेतन द्यावे, तिचे नाव निबंधावर यावे, आणि साथ नसतानाही हे चालू ठेवावे, असा प्रस्ताव कोणी मांडलाच, तर तो विद्यापीठाच्या कोणत्या तरी समितीत अडेल, पण तत्त्वावर अडणार नाही. तत्त्वतः सगळे सहमत होतील. अडेल तो लेखाशीर्षावर. क्षेत्रकार्याचा खर्च प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता या शीर्षांखाली पडतो, आणि या मुलीची मुख्य पात्रताच अशी की ती कुठून आलेली नाही. प्रवास नाही म्हणून भत्ता नाही, मुक्काम स्वतःच्या घरी म्हणून दैनिक भत्ता नाही. लेखापाल सज्जन असला तर मार्ग सुचवेल: तिने महिन्यातून एकदा गडचिरोलीला यावे आणि तिथून आपल्या गावी क्षेत्रकार्यासाठी जावे, म्हणजे बिल काढता येईल. येताना-जाताना एस.टी.ची तिकिटे जपून ठेवावीत. पावसाळ्यात पूल बुडाला असेल तर तसा तहसीलदारांचा दाखला जोडावा.